कुणाच्याही मागे जाणारा कुत्रा

रस्त्यावरच्या कुत्र्याला माणसांचा फार लळा असणं त्याच्या जिवाला धोक्याचं असतं. माणूस दिसला की जो चार पावलं मागे सरतो, उभ्या गाडीखाली शिरतो, टाकलेली पोळी आपण वळल्यावरच उचलतो, तो कुत्रा टिकतो. शेपटी हलवत पुढे येणाऱ्याला कुणी बिस्किट देतं, कुणी लाथ घालतं, कुणी दिवाळीत शेपटीला फटाका बांधतं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तसाच पुढे येतो.

कोलकात्याजवळच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी बरीच वर्षं रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करताहेत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात ९५ वेतांमधल्या ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवलं होतं. वयात येईपर्यंत त्यातली जेमतेम १९ टक्के जगली. जी गेली त्यांच्यातल्या ६३ टक्क्यांच्या मरणाला माणूस कारणीभूत होता. पुढच्याच वर्षी त्याच गटाने दुसरा प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी माणसांनी काही कुत्र्यांना पुन्हा पुन्हा खाऊ दिला आणि काहींच्या डोक्यावरून नुसता हात फिरवला. शेवटी कुत्र्यांचा विश्वास जास्त बसला तो हात फिरवणाऱ्यांवर. ज्या प्राण्याची बहुतेक पिल्लं मोठी होण्याआधीच मरतात आणि त्यातल्या बहुतेकांना आपणच मारतो, तो प्राणी आपल्याकडे भाकरीपेक्षा स्पर्श जास्त मागतो. हे दोन निष्कर्ष मी एकामागोमाग एक वाचले आणि लॅपटॉप मिटून बराच वेळ गॅलरीत उभी राहिले.

माउलीबद्दल लिहायचं तर हे आधी सांगायला हवं होतं.

माउली पुण्याजवळच्या एका शेल्टरमध्ये आहे. रंग तांबूस, छातीवर पांढरा डाग, डावा कान उभा आणि उजवा मधोमध मोडलेला. दात पाहून डॉक्टर म्हणतात, पाच-सहा वर्षांचा असावा. असले कुत्रे महाराष्ट्रातल्या कुठल्याही एसटी स्टँडवर दिसतात, आणि हीच त्याची अडचण आहे. फोटोत तो कुणाच्याही लक्षात राहत नाही.

तो वारीत सापडला. ज्ञानोबांची पालखी पुण्यातून निघाली की दिवे घाट चढून सासवडला पोचते. वारीतला हा सगळ्यांत लांबचा आणि थकवणारा टप्पा, आणि नेमकी त्या दिवशी एकादशी असते. दिंड्यांबरोबर कुत्री चालतात हे ज्यांनी वारी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे. काही गावच्या वेशीपर्यंत येतात आणि परततात, काही मुक्कामापर्यंत जातात. हा चालतच राहिला. सासवडच्या तळावर एका दिंडीच्या ट्रकजवळ तो आडवा पडलेला होता आणि त्याला उभं राहता येत नव्हतं. चारही पंजांच्या गाद्या डांबरावर सोलवटून निघाल्या होत्या. पोटात दोन केळी आणि थोडी साबुदाण्याची खिचडी, कारण दिंडीला उपास होता आणि खाऊ घालणाऱ्यांजवळ दुसरं काही नव्हतं. एका वारकरी आजींनी स्वतःच्या धडुत्याच्या चिंध्या करून त्याचे पंजे बांधले होते. शेल्टरची गाडी पोचली तेव्हा त्या म्हणाल्या, “माउलीला नीट न्या बाबांनो, लई चाललाय.” वारीत सगळेच एकमेकांना माउली म्हणतात, त्या त्यालाही तसंच म्हणाल्या. शेल्टरच्या रजिस्टरमध्ये नाव पडलं ते तेच.

तो कुठून आला, हे तिथल्या माणसांना विचारलं. एक जण म्हणाला हडपसरपासून मागे आहे. दुसरा म्हणाला छे, पुण्यात भवानी पेठेत मुक्कामाला होता तेव्हाही पाहिला. तिसऱ्याचं म्हणणं, तो आळंदीपासूनच आहे. गळ्यात पट्टा नव्हता. कानाला खाचही नव्हती. सरकारी कार्यक्रमात नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला छोटी खाच पाडतात, म्हणजे तो पुन्हा पकडला जात नाही. ती नव्हती, तेव्हा कुठल्याही महापालिकेच्या हिशेबात तो आलेला नव्हता.

कायद्याप्रमाणे त्याला परत सोडायचं होतं. प्राणी जन्म नियंत्रण नियम आधी २००१ साली आले आणि नंतर २०२३ साली नव्याने. दोन्हींचा गाभा एकच: भटक्या कुत्र्याला पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस द्या आणि जिथून उचललं तिथेच सोडा. यामागचं कारण पटण्यासारखं आहे. कुत्र्याची हद्द असते. तिथली कुत्री उचलून नेली की जागा मोकळी होते, कचरा तसाच राहतो, आणि बाहेरची, लस न टोचलेली कुत्री तिथे येतात. लस झालेलं ओळखीचं कुत्रं गल्लीत असणं हे गल्लीतल्या पोरांसाठीही जास्त सुरक्षित. पण हे सगळं हद्द असलेल्या कुत्र्यासाठी आहे. माउलीने आपली हद्द कधीच मागे टाकली होती. त्याला सासवडच्या तळावर सोडायचं, की आळंदीच्या घाटावर, की मधल्या कुठल्या चौकात? जिथे सोडू तिथली कुत्री त्याला फाडायला येणार आणि तो माणसांच्या आडोशाला पळणार. मग समोरून जो कोण जाईल त्याच्या मागे, हमरस्त्याने.

त्यातच रक्त तपासल्यावर गोचीडताप निघाला. प्लेटलेट्स खूप उतरल्या होत्या. महिनाभर गोळ्या चालल्या. पंजे भरून आले, नसबंदी झाली, लसी झाल्या, कानाला खाच पडली. तोवर शेल्टरमधल्या सगळ्यांना कळलं होतं की हा परत जाण्यातला नाही.

शेल्टर चांगलं आहे, हे मी मुद्दाम लिहिते. सकाळी सहाला मामा येतात, केनेल धुतात, मोठ्या पातेल्यात तांदूळ, कोंबडीचे पाय-माना आणि हळद शिजायला घालतात. औषधाची पाटी भिंतीवर आहे आणि ती रोज भरली जाते. पिल्लांच्या बाजूला पार्व्होच्या, म्हणजे पिल्लांना मारणाऱ्या संसर्गजन्य रोगाच्या, भीतीने बाहेरची चप्पल चालत नाही. तरीही ते शेल्टर आहे. एक भुंकला की शंभर भुंकतात, पत्र्याचं छप्पर तो आवाज दुप्पट करून खाली टाकतं, आणि हे दिवसातून किती वेळा होतं याला सुमार नाही. शांत स्वभावाची कुत्री तिथे हळूहळू आत मिटत जातात. काही एकाच जागी गोल गोल फिरायला लागतात, काही स्वतःचा पाय चाटून चाटून जखम करून घेतात. सांभाळणाऱ्यांचा यात दोष नाही. एका माणसाच्या वाट्याला इतके जीव येतात की प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवायचा म्हटलं तरी दिवस पुरत नाही.

आणि माउलीला नेमकं तेवढंच हवं असतं. तो उड्या मारत नाही, अंगावर येत नाही. जवळ येतो, वळतो आणि आपलं सगळं वजन तुमच्या नडगीवर टाकून उभा राहतो. खाली बसलात तर कपाळ गुडघ्याला टेकवतो आणि तसाच राहतो. भाताचं ताट समोर आलं तरी आधी ताट आणणाऱ्याला टेकतो, मग खातो. मामा म्हणतात, “आवं ताई, ह्यो कुनाच्या बी मागं जातोय. गॅसवाला आला तर त्याच्या बी टेम्पोत चढून बसला हुता.” मामा हे हसत सांगतात, पण फाटकाला त्यांनी दुसरी कडी लावून घेतली आहे.

अमेरिकेतल्या काही शेल्टरांतल्या कुत्र्यांवर एक अभ्यास झाला होता. कुत्र्यांना एक-दोन रात्रींसाठी कुणाच्या तरी घरी नेऊन परत आणलं. घरी असताना त्यांच्या शरीरातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, उतरलं. शेल्टरमध्ये परतल्यावर ते पुन्हा पूर्वीइतकं झालं. पूर्वीपेक्षा वाढलं मात्र नाही. ‘एक रात्र घर दाखवून परत आणणं क्रूरपणाचं नाही का’ असं मला अनेकांनी विचारलं आहे, त्यांना मी हे सांगते. आमच्यातल्या एका मुलीने माउलीला असंच एका शनिवारी घरी नेलं. ती सांगत होती की आल्यावर त्याने घर हुंगलंसुद्धा नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात अंग टाकलं आणि झोपला. संध्याकाळी सात ते सकाळी आठ. मध्ये कुकरच्या शिट्ट्या झाल्या, शेजारी भांडण झालं, दाराची बेल वाजली, तो उठला नाही. शेल्टरमध्ये सलग अर्धा तास डोळे मिटलेला माउली आम्ही कुणी पाहिलेला नाही.

मी त्याला का नेत नाही, हे वाचणाऱ्याच्या मनात येणारच. माझ्या घरी दोन कुत्री आहेत. त्यातली थोरली आता आंधळी आहे, आणि तिसरा प्राणी घरात आला की ती कोपरा धरते व खाणं सोडते. तिचे राहिलेले दिवस तिच्या मनासारखे जावेत ही माझी पहिली जबाबदारी. म्हणून मी रविवारी जाते, त्याला फिरवते आणि लोकांना त्याच्याबद्दल सांगते.

लोक येतात. चांगली माणसं असतात, मुलांना घेऊन येतात, पिशवीत बिस्किटं आणतात. बहुतेकांना पिल्लू हवं असतं. ‘लहानपणापासून वाढवलं की आपलं होतं’ ही समजूत घट्ट आहे. कुणाला पांढरं हवं, कुणाला लॅब्रेडॉरसारखं दिसणारं. एका काकांना राखणीला हवा होता. माउली त्यांच्या पायाशी टेकून उभा, आणि ते म्हणाले, “हा चोरालापण असाच टेकेल हो.” खरं आहे, टेकेल. मी त्यांना दुसऱ्या केनेलकडे नेलं.

पण पिल्लाबद्दल मला ठामपणे वेगळं वाटतं. पिल्लू घरी नेताना आपण एक पूर्ण अनोळखी जीव नेत असतो. ते किती मोठं होईल, भित्रं निघेल की तापट, लहान मुलांशी कसं वागेल, एकटं राहील की दार खरवडेल, यातलं काहीही तेव्हा कळत नाही. वर्षभराने कळतं, आणि तेव्हा ते आवडलं नाही तर त्या कुत्र्याचे हाल होतात. शेल्टरमध्ये परत आलेल्या कुत्र्यांत वर्ष-दीड वर्षाची, म्हणजे पिल्लूपण नुकतंच सरलेली, फार दिसतात. पाच वर्षांच्या कुत्र्याचं सगळं समोर असतं. माउली लहान मुलांना घाबरत नाही, ताटातलं ओढत नाही, घरात घाण करत नाही, दोरीला हिसके देत नाही, विजा कडाडल्या की थरथरतो, इंजेक्शनच्या वेळी डॉक्टरांच्या हातावर हनुवटी ठेवतो. इतकी माहिती कुठल्या पिल्लाबद्दल मिळेल?

एकदा तो गेलाही होता. घर छान होतं. आजी-आजोबा, मुलगा-सून, चौथीतली नात. नात त्याला वाचून दाखवायची. आठवड्याभरात सोसायटीच्या बैठकीत विषय निघाला. लिफ्टमध्ये कुत्रा नको, जिन्यात कुत्रा नको, बागेत तर नकोच. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ सालीच मार्गदर्शक सूचना काढलेल्या आहेत की बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, आणि लिफ्टही नाकारता येत नाही. आम्ही तो कागद त्यांना दिला. आजोबांनी तो वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, “मला या लोकांबरोबर राहायचंय. रोज कुणाकुणाशी भांडू?” मला त्यांचा राग आला नाही, अजूनही येत नाही. कागद हातात असणं निराळं आणि बत्तीस बिऱ्हाडांच्या नजरा झेलत रोज दोनदा खाली उतरणं निराळं. राग आला तो ठराव मांडणाऱ्यांचा. त्यांच्यापैकी कुणीही माउलीच्या जवळ दोन मिनिटं उभं राहिलं नव्हतं.

परत आला त्या दिवशी तो मामांना नेहमीसारखाच टेकला. मग गाडीकडे गेला आणि रडणाऱ्या नातीला टेकला. गाडी निघाल्यावर फाटकापर्यंत मागे चालत गेला, आणि कडी लागली तेव्हा तिथेच बसला. दोन दिवस त्याने भात सोडला होता.

२०२५च्या ऑगस्टमध्ये कुत्र्यांवरून देशभर वादळ उठलं. ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने दिल्ली आणि परिसरातली सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. २२ तारखेला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने ते बदललं: नसबंदी आणि लस करून त्याच भागात सोडा, फक्त रेबीजची आणि आक्रमक कुत्री सोडू नका. नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं अशा जागांवरून कुत्री हलवण्याचा आणि तिथे परत न सोडण्याचा आदेश आला. त्या दिवसांत घरोघरी, ऑफिसात, रिक्षात एकच विषय होता, आणि दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांवर ओरडत होते.

रेबीजची भीती खरी आहे. एकदा लक्षणं दिसली की माणूस जवळजवळ नक्की दगावतो, आणि चावे जास्त करून गरिबांच्या मुलांना बसतात, कारण ती रस्त्यावर खेळतात. ज्या घरातलं मूल असं गेलं त्या घराला कुत्र्यांच्या प्रेमाच्या गोष्टी सांगायला मी जाणार नाही. पण उपाय आपल्या शेजारीच करून दाखवलेला आहे. गोव्यात घरोघरी, गल्लोगल्ली फिरून कुत्र्यांना लस टोचली, शाळांत मुलांना शिकवलं, संशयित कुत्र्यावर लगेच लक्ष ठेवलं. कुत्र्यांमधल्या रेबीजचं प्रमाण ९२ टक्क्यांनी उतरलं, माणसांचे मृत्यू थांबले, आणि २०२१ साली गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. तिथेही कुत्री रस्त्यावरच आहेत, निवाऱ्यांत कोंबलेली नाहीत.

‘सगळ्यांना शेल्टरमध्ये टाका’ असं जे म्हणतात, त्यांच्यापैकी किती जणांनी आतून शेल्टर पाहिलं आहे? २०१९च्या पशुगणनेत देशात दीड कोटीच्या वर भटकी कुत्री मोजली गेली, त्यातली सुमारे पावणेतेरा लाख आपल्या राज्यात. आमच्या शेल्टरमध्ये शंभरांना नीट सांभाळताना मामांची कंबर मोडते. तिथे जागा हवी ती ज्यांचं रस्त्यावर खरोखर भागणार नाही त्यांच्यासाठी: तीन पायांची, आंधळी, म्हातारी, घरातून सोडून दिलेली. आणि माउलीसारखी, ज्यांना माणसापासून लांब राहणं जमत नाही. रस्त्यावर त्याचा हा स्वभाव त्याला मारेल. शेल्टरमध्ये तो वाया जातोय. नातीच्या घरी आठवडाभर तो होता त्या जागी होता.

२२ ऑगस्टच्या त्याच आदेशात एक गोष्ट होती जिच्याकडे भांडणाच्या गदारोळात फार कुणी पाहिलं नाही. ज्यांना भटकी कुत्री दत्तक घ्यायची आहेत त्यांनी महापालिकेकडे अर्ज करावा, आणि घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्यांची. हे वाचून मी शेल्टरला फोन केला होता. त्या महिन्यात विचारणा करणारे पुष्कळ होते, दूरवरूनही फोन येत होते, आणि बऱ्याच जणांनी पहिल्यांदाच देशी कुत्र्याबद्दल विचारलं होतं. काही पिल्लं गेली. एक तीन पायांची कुत्री नाशिकला गेली, तिचे फोटो येतात. मोठ्यांमध्ये मात्र फारशी हालचाल झाली नाही.

पंढरपूरच्या वाटेवर सापडला म्हणून नामदेवांची गोष्ट त्याच्यासंदर्भात हटकून निघते. कुत्र्याने पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. लहानपणी ऐकताना मला नामदेव दिसायचे, वाटी सांडू न देता पळणारे. आता कुत्रा दिसतो. मागे धावत येणाऱ्या माणसाला पाहून त्याला काय वाटलं असेल? हातात तूप आहे हे त्याला कळलं असेल का, की आत्तापर्यंत मागे धावून आलेल्या प्रत्येकाच्या हातात जे असायचं तेच असेल असं वाटलं असेल? बहुतेक कुत्री पळतच राहिली असती. माउली थांबला असता याची मला खात्री आहे.

तर, त्याच्यासाठी घर शोधताना आम्ही काय पाहतो ते लिहून ठेवते, कुणाच्या उपयोगी पडलं तर पडेल. बंगला हवा असं अजिबात नाही. वन आरके चालेल, चाळीतली खोली चालेल, त्याला जागा कमीच लागते. भाड्याचं घर असेल तर मालकाचं लेखी हो हवं आणि सोसायटी असेल तर आधीच बोलून घेतलेलं हवं. लागलं तर आम्ही सोबत येऊन बोलू. दिवसाचा बराचसा वेळ घरात कुणीतरी असावं, निवृत्त माणसं असली तर उत्तम. पहिले काही दिवस तो दारापाशीच झोपेल आणि जो बाहेर जाईल त्याच्यामागे निघेल, तेव्हा दार लावताना लक्ष ठेवावं लागेल आणि गळ्यात फोन नंबर कोरलेला बिल्ला हवाच. मांजर चालेल, कोंबड्या चालणार नाहीत. घरातलं साधं वरण-भात-अंडं त्याला मानवतं. दर वर्षी रेबीजची लस, आणि पावसाळ्यात गोचीड रोज तपासायचे, कारण एकदा ताप येऊन गेला आहे. फॉर्म भरायचा, आम्ही घर पाहायला येतो, महिन्याभराने पुन्हा येतो. पैसे काही नाहीत. गच्चीत किंवा गेटपाशी बांधून ठेवण्यासाठी कुणाला हवा असेल, तर तेवढं सोडून दुसरं काहीही विचारा.